नावानिशी

आमच्या पुण्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सप्तपर्णीची झाडं आहेत. नवरात्र उलटलं की ती फुलतात आणि दिवाळी होऊन जाईपर्यंत संध्याकाळी सगळी गल्ली त्या वासाने जड होते. समोरच्या बाईंचं त्याने डोकं चढतं, म्हणून त्या दारं-खिडक्या लावून बसतात. मी मुद्दाम उघडते. थंडीची पहिली चाहूल आणि तो गोडसर, उग्र, थोडासा औषधासारखा वास एकत्र आला की मी पुण्यात राहत नाही. कलकत्त्यात या झाडाला छातिम म्हणतात. खिदिरपूरला आमच्या क्वार्टर्सच्या मागे एक छातिम होता आणि बाबांना ज्या इस्पितळात ठेवलं होतं, तिथल्या आवारात दुसरा.

साठचं दशक सरत आलं होतं. मी चौदा वर्षांची होते. बाबा कस्टम्समध्ये अधिकारी होते आणि मुंबईहून बदली होऊन आम्ही तिघं, बाबा, आई आणि मी, तिकडे गेलो होतो. घर गोदीच्या जवळच होतं. जहाज आत घ्यायचं असलं की रस्त्यातला पूल उचलला जाई, आणि ट्राम, लॉऱ्या, हातगाड्या, माणसं सगळी मुकाट थांबत. शाळेतून येताना मीही दप्तर पायाशी ठेवून उभी राहायची. घरांच्या मधून एक अख्खं जहाज संथपणे सरकत जाताना बघितलं की वाटायचं, जहाज जागच्या जागी आहे आणि शहरच हललंय.

दारावर पाटी होती, ‘डी. जी. केळकर’. ऑफिसात बाबा केळकरसाहेब होते, शेजारच्या बंगाली कुटुंबांना केलकारबाबू आणि भाजीवाल्याला नुसते साहेब. त्यांना दत्तू म्हणणारी माझी आजी कधीच गेली होती. त्यांचं नाव दत्तात्रय आहे, हे त्या अवाढव्य शहरात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातली एक ते कधी उच्चारत नसे.

आई त्यांना ‘अहो’ म्हणायची आणि इतरांशी बोलताना ‘हे’. तिच्या पिढीत सगळ्यांचं तसंच होतं. लग्नात आणि पुढे हळदीकुंकवाला उखाण्यात गुंफून घेतलं असेल तेवढंच नाव. पण आईच्या बाबतीत ती नुसती रीत नव्हती, भीती होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या मनात लहानपणी कोणीतरी पक्कं रुजवलं होतं. पोस्टमनने रजिस्टर पत्रासाठी नाव विचारलं तरी ती मला पुढे करायची. मी घडाघडा सांगायची आणि ती तोवर दुसरीकडे बघत राहायची. आज माझी सून माझ्या मुलाला या खोलीतून त्या खोलीत नावाने हाका मारत असते आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे. मला हसू येतं. पण हसता हसता आईचा त्या वेळचा चेहरा आठवला की मी गप्प होते.

कलकत्त्यातला हेमंत फार हळू येतो. दुपारी अजून पंखा लागतो आणि संध्याकाळी अंगणाअंगणात कोळशाच्या शेगड्या पेटल्या की धूर वर न जाता रस्त्यावरच तरंगत राहतो. रस्त्यावरचे दिवे त्यात पिवळे, विरघळल्यासारखे दिसतात. आमचा आकाशकंदील गॅलरीत लागला होता आणि शेजारच्या गच्चीवर उंच बांबूला एक लहानसा दिवा टांगलेला होता. कार्तिकात तिकडे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असा दिवा लावतात. आईला तो दिवा आवडायचा नाही. ती म्हणायची, सणाच्या दिवसांत कशाला त्यांची आठवण काढायची.

अशाच एका सकाळी नदीवर धुकं होतं. बाबा तपासणीसाठी एका मालवाहू जहाजावर गेले होते. उतरताना शिडीच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला आणि डोकं खाली धक्क्याच्या दगडावर आपटलं. मला शाळेतून घ्यायला ऑफिसचा माणूस आला. जीपमध्ये त्याने माझं दप्तर स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलं, तेव्हाच मला कळलं.

बाबा बेशुद्ध होते. डोक्याला पांढरं बँडेज, नाकात नळी, आणि चेहरा असा शांत की जणू रविवारी दुपारी पडले आहेत. लांबलचक वॉर्ड होता. दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा आणि प्रत्येक खाटेशी चार वाजल्यानंतर जमणारी माणसं. आईला बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम. डॉक्टर जे सांगत ते मी मराठीत करून तिला सांगायची, आणि त्यातलं काही गाळायची. काय गाळतेय ते तिला बरोबर कळायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी आपसांत बोलत असताना मागून कोणीतरी स्वच्छ मराठीत विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातल्या का. आई एवढ्या झटकन वळली की तिच्या हातातली पिशवी पडली. उभी होती ती त्या वॉर्डाची सिस्टर. चाळिशीतली, सावळी, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख आणि गळ्यात बारीकसा चांदीचा क्रूस. करुणा साळवे तिचं नाव. मूळची अहमदनगरकडची, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली, आणि कितीतरी वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने इकडे येऊन इथेच राहिलेली. तिला मराठी बोलायला महिनोन्‌महिने कोणी भेटत नसे. आईला तर त्या घडीला आपली भाषा ऐकूनच रडू आलं. ती भर वॉर्डात त्या परक्या बाईचा हात धरून रडली.

भेटीची वेळ संपत आली तेव्हा करुणाबाई खाटेपाशी आल्या. तुमची हरकत नसेल तर मी यांच्यासाठी प्रार्थना करते, असं त्यांनी विचारलं. आईने मान हलवली.

“यांचं नाव काय?”

“केळकर.”

“आडनाव खाटेच्या पाटीवर आहे हो. नाव?”

आईने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. करुणाबाईंनी डोळे मिटले, एक हात बाबांच्या कपाळाजवळ, बँडेजच्या जरा खाली ठेवला आणि शेजारी उभ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “हे प्रभू, हा तुझा दत्तात्रय. याला तू ओळखतोस. हा कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. याला परत आण. येशूच्या नावाने मागते. आमेन.”

एवढंच. मी तोवर प्रार्थना म्हणजे पाठ केलेलं काहीतरी समजत होते. घरात आई रोज सकाळी देवाची सहस्र नावं म्हणायची. त्या लयीत मी जागी होत असे. पण देवापुढे एका माणसाचं नाव असं नेऊन ठेवायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. आणि तेही कुठलं नाव. घरी जाताना आई म्हणाली, अगं, दत्तगुरूंचं नाव त्यांच्या देवापुढे चालतं का? तिला खरोखरच काळजी पडली होती. चुकीच्या दारात चुकीचं नाव सांगितल्यामुळे बाबांना कोणी ओळखलं नाही तर?

हे तिने दुसऱ्या दिवशी करुणाबाईंना विचारलंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, नाव देवाचं ठेवलं असेल, पण यांच्या आईने अंगणातून दत्तू म्हणून हाक मारली की धावत कोण येत होतं? हेच ना? मग आमच्या देवालाही तेवढं कळतं. त्यांच्या घरी लहानपणापासून हेच शिकवलं होतं, की देव माणसांना गर्दीने ओळखत नाही. मेंढपाळाला जसं आपलं एकेक मेंढरू वेगळं दिसतं, तसं. म्हणून प्रार्थना करताना ‘या वॉर्डातल्या सगळ्यांना बरं कर’ असं म्हटलं तरी नंतर त्या एकेकाचं नाव घेतात. नाव घेतल्याशिवाय त्या माणसाकडे आपण खरं बघितलेलंच नसतं, असं त्यांना वाटायचं.

आईने मग विचारलं, शेवटी येशूच्या नावाने असं का म्हणता. करुणाबाई म्हणाल्या, मी कोण मागणारी? माझी काय पुण्याई? एखाद्या मोठ्या घरी आपण गेलो, तर अमक्याने पाठवलंय असं सांगतो आणि दार उघडतं. तसं आहे ते.

आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “आम्ही देवाची सहस्र नावं घेतो. तुमच्यात देव माणसाची नावं घेतो, असं म्हणता तुम्ही?”

“हो,” करुणाबाई म्हणाल्या. “एकेकाचं.”

त्या दोघी बोलत होत्या तेव्हा मी खिडकीशी उभी होते. बाहेर छातिमच्या झुबक्यांवर ऊन उतरत होतं आणि वॉर्डात कोणाच्या तरी खाटेशी कमला लेबूची, म्हणजे संत्र्याची, साल सोलल्याचा आंबट वास सुटला होता. माझ्या मनात एकच विचार घोळत होता. पूल उचलल्यावर दोन्ही बाजूंना थांबणारी ती हजारो माणसं, गोदीतले हमाल, ट्रामला लोंबकळणारे, हावड्याच्या पुलावरून रोज मुंग्यांसारखे येणारे, आणि यातल्या प्रत्येकाचं नाव कोणाला तरी पाठ आहे. मला भोवळ आल्यासारखं झालं. देव आहे की नाही याबद्दल पुढे आयुष्यात मी पुष्कळ वाद घातले, कधी या बाजूने, कधी त्या. पण त्या दुपारची ती भोवळ मला कोणीही खोटी ठरवून दिलेली नाही.

दिवस जात होते आणि बाबा डोळे उघडत नव्हते. करुणाबाई आईला सांगायच्या की त्यांच्याशी बोलत राहा, माणूस असा असतानाही कान पुष्कळदा जागे असतात, नावाने हाक मारा. आई खाटेजवळ स्टूल ओढून बसायची आणि ‘अहो’ म्हणायची. अहो, ऐकताय ना. अहो, ही आलीये शाळेतून. पलीकडच्या खाटेशी एक बंगाली बाई आपल्या नवऱ्याला ‘ओगो, शुनछो’ म्हणून साद घालत असे. त्याच्या पलीकडेही तेच. करुणाबाई एकदा न राहवून म्हणाल्या, या वॉर्डात सगळ्याच बायका अहो म्हणताहेत, यांना कसं कळणार की हे आपल्यासाठी आहे? आई म्हणाली, माझा आवाज त्यांना कळेल. आणि मग खाली बघत तिने ती भीती सांगून टाकली. नाव घेतलं आणि त्यानेच काही झालं तर? आयुष्याचा आधीच एवढासा धागा उरला असताना?

त्यावर करुणाबाईंनी तिला समजावलं नाही, की अंधश्रद्धा म्हणून झिडकारलंही नाही. आजचा डॉक्टर आकडे सांगेल, आजचा पुरोगामी माणूस भाषण देईल. त्या नुसत्या बसून राहिल्या.

मग एके दिवशी शहर बंद होतं. त्या काळात कलकत्त्यात असे बंद फार. ट्रामच्या रुळांवर मुलं क्रिकेट खेळत होती. आम्ही दोघी चालत इस्पितळात गेलो. वॉर्ड रिकामा रिकामा होता, कारण भेटायला येणारी माणसं पोचूच शकली नव्हती. करुणाबाईंचं काम संपलं होतं, पण त्यांनाही घरी जायला काही मिळत नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही तिघी बसलो. तिथे त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली.

आजी म्हणजे त्यांच्या आईची आई. नगरजवळच्या एका खेड्यात ती चौथी मुलगी म्हणून जन्मली आणि घरच्यांनी तिचं नाव नकोशी ठेवलं. पुढची तरी मुलगी नको, एवढ्याचसाठी. तिला दिवसातून शंभर वेळा त्या नावाने बोलवायचे, आणि बोलावणाऱ्या कोणाच्या मनातही काही नसायचं. दुष्काळ पडला तेव्हा ते कुटुंब मिशनच्या आसऱ्याला आलं, आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. पाळक मराठीच होते. एकेकाचं नाव विचारून ते त्याच्या डोक्यावर पाणी घालत होते. या मुलीपाशी आले. ती आठ-नऊ वर्षांची असेल. त्यांनी विचारलं, नाव काय. तिने सांगितलं, नकोशी. पाळकांचा हात पाण्याने भरलेला होता. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली आणि मग म्हणाले, कृपा.

“आजी सांगायची,” करुणाबाई म्हणाल्या, “पाणी डोक्यावर पडलं तेव्हा मला वाटलं, आज पहिल्यांदा कोणीतरी मला बोलावलं. आधी नुसतं हाकलत होते.”

त्यानंतर गावची माणसं जुन्या नावाने हाक मारत, पण ती वळायची नाही. म्हातारपणीसुद्धा जात्यावर बसली की दळता दळता स्वतःशीच कृपा, कृपा असं म्हणायची. नातवंडांना वाटायचं, आजी देवाची कृपा मागतेय. तशी ती मागतही असेल. पण मुख्य म्हणजे तिला आपलं नाव ऐकायला आवडायचं.

करुणाबाईंनी पुढे केलेला चहाचा पेला आईने त्या दिवशी घेतला. एरवी ती उपासाचं निमित्त सांगून नको म्हणायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता जास्त आशा धरू नये, नातेवाइकांना तार करायची तर करून टाका. हे मला गाळता आलं नाही. आईने ऐकलं. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला, देवाच्या खोलीत जाताना घ्यायची तसा. स्टूल खाटेच्या उशाशी नेलं. मी पायथ्याशी उभी होते आणि करुणाबाई माझ्या मागे.

ती बाबांच्या कानाशी वाकली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिने डोळे मिटले आणि पुन्हा प्रयत्न केला. आणि मग ती म्हणाली, “दत्तात्रय.”

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. त्यात ना अंगाई होती, ना रडं. एखादी मुलगी खूप मोठ्या विहिरीच्या काठावर उभी राहून आत नाव टाकते आणि प्रतिध्वनीची वाट बघते, तसा तो होता. ती पुन्हा म्हणाली, दत्तात्रय. मग थांबलीच नाही. कधी हळू, कधी जरा मोठ्याने, कधी नुसत्या श्वासात. पंधरा-सोळा वर्षांचा संसार, त्यात तोंडापर्यंत येऊन परत गेलेलं ते नाव एकदम बाहेर पडत होतं. पलीकडच्या खाटेशी बसलेली बंगाली बाई आपलं ओगो विसरून बघत राहिली. करुणाबाईंचे ओठ हलत होते, त्या त्यांच्या परीने तेच नाव त्यांच्या प्रभूला सांगत असाव्यात. मला त्या क्षणी पाय पुढे टाकता येईना की मागे. देवळात गाभाऱ्याचा पडदा अचानक बाजूला झाला तर आपण असेच उभे राहू.

बाबा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. भेटीची वेळ संपली आणि आम्ही घरी आलो. आईने तुळशीपाशी दिवा लावला. ती घाबरलेली दिसत नव्हती, हे मला सगळ्यात नवलाचं वाटलं.

बाबांनी डोळे उघडले ते त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, फरशी पुसणारा माणूस बादली सरकवत असताना. त्याच्याकडेच त्यांनी पाणी मागितलं. तिथे ना आई होती ना करुणाबाई. यात काय कशामुळे झालं हे आईने कधी सांगितलं नाही आणि करुणाबाईंनीही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली. तेही खरंच असेल.

पण बाबा परत आले ते नावं मागे ठेवून. आम्हाला बघून त्यांचे डोळे भरले, म्हणजे ओळख पक्की होती. त्यांनी माझा हात धरला, तोंड उघडलं आणि मला म्हणाले, “खिडकी.” मग स्वतःच मान हलवली, कारण ते चुकलंय हे त्यांना कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला असा मार बसला की शब्द हरवतात, हळूहळू येतील, माणसांची नावं कदाचित सगळ्यात शेवटी.

ते घरी आले तेव्हा थंडी चांगलीच उतरली होती. मोहल्ल्यातल्या सगळ्या पुरुषांनी माकडटोप्या चढवल्या होत्या, बाजारात खजुराचा नवा गूळ आला होता. बाबा गॅलरीत उन्हात बसत आणि मी शाळेतून आले की त्यांच्यासमोर वस्तू मांडायची. वाटी. कात्री. कुलूप. करुणाबाई सुट्टीच्या दिवशी येऊन हाच खेळ घेत. वस्तूंची नावं येऊ लागली. एका दुपारी बाबांनी ‘गूळ’ म्हटलं आणि आम्ही तो सगळाच्या सगळा खाऊन टाकला. पण माणसांची नावं येत नव्हती. माझं नाव नाही, आईचं नाही, आणि त्यांचं स्वतःचंही नाही. दारावरची पाटी ते वाचू शकत. त्यातली अक्षरं कशाची, असं विचारलं की लांब कुठेतरी बघत राहत आणि थकून जात. एकदा मी त्यांना सांगितलं, बाबा, तुम्ही दत्तात्रय. त्यांनी विनयाने मान डोलावली, कोणी पाहुण्याची ओळख करून द्यावी तशी. कस्टम्समधून विचारणा होऊ लागली होती, कामावर कधी येता. रात्री आईला झोप लागत नसे. आपल्या नावाशिवाय जिवंत असलेलं माणूस घरात वावरताना बघणं ही फार विचित्र गोष्ट आहे. सगळं असतं, आणि हाक मारायला काही नसतं.

नाताळाला कलकत्त्यात सगळे ‘बडो दिन’ म्हणतात. त्या सकाळी करुणाबाईंनी आम्हाला त्यांच्या चर्चला बोलावलं. आईने बाबांना कोट घातला, मफलर गुंडाळला, माकडटोपी चढवली आणि आम्ही रिक्षाने गेलो. लहानसं, पिवळ्या रंगाचं बंगाली चर्च होतं. मला बाजाची पेटी आणि घंटा अपेक्षित होती. तिथे माणसं जमिनीवर सतरंजीवर बसून खोल नावाचा मृदंग आणि करताल घेऊन चक्क कीर्तन करत होती. आई जरा सैलावली. आम्ही मागे, भिंतीला टेकून ठेवलेल्या बाकावर बसलो, कारण बाबांना खाली बसवत नव्हतं.

गाणं संपलं. पाद्रीबाबू म्हणजे एक कृश, चष्मा लावलेले वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी प्रार्थना सुरू केली. बंगाली मला तेवढी येत होती. आजाऱ्यांसाठी, ते म्हणाले, आणि एकेक नाव घेऊ लागले. प्रत्येक नावानंतर सगळी सभा मिळून एक वाक्य म्हणायची, प्रभू, याला सांभाळ. कोणी मिनोती. कोणी शुधीर. कोणी जोसेफ. आणि मग, तितक्याच सहजपणे, रोजच्या सवयीने घ्यावं तसं, “दत्तात्रेयो.”

प्रभू, याला सांभाळ, सगळे म्हणाले.

करुणाबाईंनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी मी खाटेपाशी नाव सांगितलं, त्याच आठवड्यापासून दर रविवारी या माणसांनी ते घेतलं होतं. ज्या शहरात बाबांचं नाव आम्हा दोघींखेरीज कोणाला माहीत नाही असं मी धरून चालले होते, तिथे एका सतरंजीभर माणसांना ते पाठ होतं. त्यांनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. कोण, कुठले, कुठल्या धर्माचे, काही ठाऊक नव्हतं. नुसतं नाव होतं, आणि ते त्यांनी जपलं होतं.

माझ्या शेजारी हालचाल झाली. बाबा उठून उभे राहिले होते. माकडटोपी काढून त्यांनी हातात धरली होती, वर्गात हजेरीला उभं राहावं तसे. पाद्रीबाबू थांबले. सगळ्या माना मागे वळल्या. आई त्यांना खाली बसवायला त्यांची बाही ओढू लागली, पण ते बसेनात.

“मी,” ते मराठीत म्हणाले. मग एकेक शब्द पायरीसारखा चाचपत, “मी. दत्तात्रय. दत्तात्रय गणेश केळकर.”

तिथे मराठी समजणारी माणसं आम्ही चारच. तरी कोणाला काही समजायचं राहिलं असं मला वाटलं नाही. पाद्रीबाबूंनी चष्मा काढून पुसला. करुणाबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

बाहेर आल्यावर माणसं बाबांना बघायला जमली. हाच का तो दत्तात्रेयो, असं एकमेकांना विचारत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना वाटत होतं की हे कोणी लहान मूल असेल, म्हणून ते मुलासाठी मागावं तसं मागत आले होते. एका पांढऱ्या साडीतल्या आजींनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन न्याहाळला आणि समाधानाने मान डोलावली. कोणी केक आणून दिला, कोणी संत्रं. बाबा प्रत्येकाला आपलं नाव सांगत होते. पुन्हा पुन्हा, न थकता, हरवलेली वस्तू खिशात सापडल्यावर माणूस हात घालून घालून बघतो तसे.

या गर्दीत आई मागे राहिली. ती करुणाबाईंचा हात धरून पायऱ्यांवर उभी होती. बाबा फाटकाशी पोचले होते, रिक्षावाला घाई करत होता. त्यांनी वळून बघितलं आणि भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, मोठ्याने हाक मारली, “द्वारका.”

मी इकडेतिकडे पाहिलं. या नावाची बाई आमच्या ओळखीची नव्हती. मला वाटलं, पुन्हा खिडकीसारखंच काहीतरी झालं.

आईचं नाव सुमती. म्हणजे माझ्या दृष्टीने तेच होतं. लग्नात ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव माहेरच्या माणसांपुरतं उरतं. तिचे आई-वडील गेले आणि ते नाव घेणारं कोणीच उरलं नाही. हे मला नंतर कळलं. बाबांनी ते कधी ऐकलं होतं, तर फक्त एकदा, मुलगी बघायला ते तिच्या घरी गेले होते तेव्हा. तिच्या वडिलांनी माजघराकडे तोंड करून हाक मारली होती आणि ती पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली होती. तेवढं एकच ऐकलेलं नाव बाबांच्या आत कुठे, किती खोल पडून होतं आणि सगळी बाकीची नावं वाहून गेल्यावर तेच कसं तळाला राहिलं, हे आई-बाबांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. मी पुढे मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बरंच काही समजावून सांगितलं. तरीही ते सांगता येत नाही.

पण त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की पायरीवर आई दगडासारखी थिजली. तिचा चेहरा हळूहळू लहान होत गेला, माझ्याहूनही लहान मुलीचा झाला. तिने करुणाबाईंचा हात सोडला, पदर सावरला आणि फाटकाकडे बघितलं. रस्ता ट्रामच्या खडखडाटाने भरला होता.

“ओ,” ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.